अडवलेला रस्ता आणि घरातला अबोला

वाचकाचे पत्र:

मी सत्तावीस वर्षांचा आहे. तीन आठवड्यांपूर्वी माझी नोकरीसाठी अंतिम मुलाखत होती. आमची बस सकाळी दहाच्या सुमारास रास्ता रोकोत अडकली आणि दुपारी दोनपर्यंत जागची हलली नाही. मुलाखत गेली. ज्या संघटनेने रस्ता अडवला होता, तिच्या पदाधिकाऱ्यांत माझा थोरला भाऊ आहे. दोन वाजता पोलिसांनी लाठीमार करून रस्ता मोकळा केला, त्यात दादाच्या एका सहकाऱ्याचा हात मोडला. ती बातमी पाहून मला क्षणभर बरे वाटले आणि त्या बरे वाटण्याची मला अजून लाज वाटते. रात्री जेवताना मी म्हणालो की असल्या लोकांना लाठीनेच सरळ करायला हवे आणि वर सहा महिने आत टाकायला हवे. दादा ताटावरून उठला. तेव्हापासून आमचा अबोला आहे आणि आई दोघांची समजूत काढून थकली आहे. माझे मित्र म्हणतात की सरकार बोटचेपे आहे म्हणून हे चालते. दादा म्हणतो की आंदोलनाला हात लावणारे प्रत्येक सरकार दडपशाहीच करते. मी त्याला बाबासाहेबांच्या अराजकाविषयीच्या इशाऱ्याची आठवण दिली, तर त्याने मला मिठाच्या सत्याग्रहाची दिली. सरकारने नेमके काय करायला हवे होते? आणि मी माफी मागावी का?

उत्तर:

आपले पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना मी त्यात एकच गोष्ट शोधत होते आणि ती मला सापडली नाही. दादाची संघटना त्या दिवशी काय मागत होती, हे आपण कुठेच लिहिलेले नाही. बस किती वाजता अडली, पोलीस किती वाजता पुढे सरकले, कोणाचा हात मोडला, हे सगळे पत्रात आहे. मागणीचा मात्र एक शब्दही नाही. आपल्याला बोल लावण्यासाठी मी हे सांगत नाही, कारण ज्याची चार तासांत मोठी संधी गेली त्याने अडवणाऱ्याची मागणी लक्षात ठेवावी, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण पत्रातून गळलेल्या त्या शब्दाकडे मला पुन्हा वळावे लागणार आहे, कारण त्याचे उत्तर आपल्यापेक्षा दादाने अधिक द्यायचे आहे.

आधी आपल्या नुकसानीविषयी. आंदोलनांची बाजू घेणारी माणसे, आणि त्यांत मीही बहुतेक वेळा असते, अडकलेल्या माणसाला सहज सांगून टाकतात की एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे दोन-चार तासांचा खोळंबा तो काय! हे बोलणे अन्यायाचे आहे. खोळंब्याची किंमत सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही. ज्याच्या हाताशी पगारी रजा आहे किंवा ज्याला ओळखीने दुसरी तारीख मिळते त्याचे फक्त चार तास जातात. रोजंदारीवर निघालेल्याचा पूर्ण दिवस जातो आणि आपल्या वाट्याला तर वर्षभराच्या तयारीवर पाणी पडणे आले. शिवाय मागणी मान्य करण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, तो मनुष्य बहुधा त्या रस्त्यावर नसतोच. तेव्हा आपला राग खरा आहे आणि तो आवरून धरण्याची गरज नाही. तो कोणत्या निष्कर्षापर्यंत न्यायचा, एवढाच प्रश्न आहे.

जेवणाच्या ताटावर जे भांडण झाले, त्यात तीन वेगवेगळे प्रश्न एका वाक्यात कोंबले गेले असे मला वाटते. मागणी न्याय्य होती का, हा एक प्रश्न. तिच्यासाठी तो रस्ता तितका वेळ अडवणे योग्य होते का, हा दुसरा. आणि तो अडवला गेल्यावर सरकारने काय करायला हवे होते, हा तिसरा. या तिन्हींची उत्तरे एकमेकांवर अवलंबून नाहीत. मागणी रास्त असूनही मार्ग चुकीचा असू शकतो, आणि मार्ग चुकीचा असला म्हणून लाठी बरोबर ठरत नाही. दादा पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून तिन्ही निकालात काढतो, आपण दुसऱ्याच्या उत्तरावरून काढता, आणि म्हणून दोघांनाही समोरचा माणूस हट्टी वाटतो.

आपल्या मित्रांचे म्हणणे असे की अडथळा आला की सरकारने हात उगारलाच पाहिजे. जगातल्या बहुतेक देशांनी मान्य केलेला कायदा असे सांगत नाही. नागरी आणि राजकीय हक्कांविषयीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २१ मध्ये शांततेने एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे आणि त्यावर मर्यादा घालायची तर ती कायद्याने घातलेली आणि लोकशाही समाजात आवश्यक अशीच असली पाहिजे, अशी अट घातली आहे. या कलमाचा अर्थ सांगताना संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२० मध्ये स्पष्ट केले की वाहतूक खोळंबणे किंवा दैनंदिन व्यवहारांत व्यत्यय येणे म्हणजे हिंसा नव्हे, आणि सार्वजनिक जागा जशी वाहनांसाठी आणि व्यापारासाठी आहे तशीच ती शांततापूर्ण जमावासाठीही आहे. यामागचा विचार समजण्यासारखा आहे. चार माणसांपेक्षा मोठा कोणताही मोर्चा कोणाची तरी वाट अडवतोच. अडथळा एवढेच कारण बंदीला पुरेसे मानले तर हक्क कागदावर उरेल आणि लोकांना आपले म्हणणे ओसाड माळावर जाऊन सांगावे लागेल.

मात्र त्याच समितीने पुढे असेही म्हटले आहे की अडथळा गंभीर असेल आणि दीर्घकाळ चालू राहिला असेल तर जमाव पांगवता येतो. दादाचे म्हणणे इथे अडते. लिथुएनियात २००३ च्या मे महिन्यात दुधाच्या पडलेल्या भावांवरून शेतकऱ्यांनी निदर्शने केली. त्यांना ठरावीक ठिकाणी जमण्याची परवानगी मिळालेली होती. ते तिथून उठून महामार्गांवर गेले आणि सुमारे दोन दिवस त्यांनी तीन प्रमुख रस्ते अडवून ठेवले. त्यांतल्या काहींना साठ दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली, पण ती एक वर्षासाठी स्थगित ठेवली गेली, म्हणजे तुरुंगात कोणी गेले नाही. हे प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. तिथल्या पहिल्या पीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने कौल दिला, पण २०१५ मध्ये सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने एकमताने ठरवले की त्यांच्या हक्काचा भंग झालेला नाही. त्या निकालाचा जो भाग मला पटतो, तो आपल्या घरातल्या वादाला थेट लागू पडतो. माणसे जमल्यामुळे ओघाने होणारा अडथळा वेगळा आणि ज्यांचा मागणीशी काही संबंध नाही अशा लोकांची वाट हेच हत्यार म्हणून वापरणे वेगळे. पहिल्याला सरकारने बरीच सहनशीलता दाखवावी; दुसऱ्याला हक्काचे संरक्षण तितके घट्ट मिळत नाही.

भारतातल्या न्यायालयांनीही हा भेद बंदच्या संदर्भात केलेला आहे. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये बंद पुकारणे घटनाबाह्य ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निकाल कायम ठेवला. स्वतः काम थांबवणे हा एक भाग आहे. इतरांना ते थांबवायला भाग पाडणे हा निराळा भाग आहे, आणि त्यात दुसऱ्याचा मूलभूत हक्क मोडतो, असे त्यामागचे सूत्र होते.

याच्या उलट बाजूचा एक निकालही दादासाठी सांगते. लंडनमध्ये २०१७ साली शस्त्रास्त्रांच्या प्रदर्शनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही निदर्शक झोपले आणि त्यांनी सुमारे दीड तास एका बाजूची वाहतूक रोखली. मधल्या न्यायालयाने रद्द केलेली त्यांची निर्दोष मुक्तता ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा बहाल केली. तो रस्ता त्यांना ज्या गोष्टीचा निषेध करायचा होता तिच्याकडेच जात होता, वेळ मर्यादित होता आणि दुसरा मार्ग उपलब्ध होता. लिथुएनियातले महामार्ग आणि हा रस्ता शेजारी ठेवून पाहिले की कुठे, किती वेळ, कोणाला आणि पर्याय ठेवून की न ठेवता, या चार प्रश्नांवर बहुतेक प्रकरणांचा निकाल लागतो हे लक्षात येते. आपल्या दादाच्या आंदोलनात बस सोडायला जागा होती का? निघण्यापूर्वी आपल्याला कळावे, अशी सूचना कुठे दिली होती का? हे त्याला विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

बाबासाहेब आणि गांधीजी यांना आपण दोघांनी एकमेकांवर फेकले, याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण दोघांचेही म्हणणे अर्धेच उद्धृत झाले. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत असा इशारा दिला की सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टे गाठण्यासाठी घटनात्मक मार्गच धरले पाहिजेत, आणि सविनय कायदेभंग, असहकार व सत्याग्रह यांनाही त्यांनी अराजकाचे व्याकरण म्हटले. पण त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितले की घटनात्मक मार्ग उपलब्धच नव्हते तेव्हा इतर मार्गांना समर्थन होते. म्हणजे मार्ग खुले असणे ही त्या इशाऱ्याची पूर्वअट आहे, आणि ते खुले ठेवण्याची जबाबदारी सरकारची आहे. त्यांचे स्वतःचे वागणेही पाहावे. महाडचे चवदार तळे १९२४ मध्येच नगरपालिकेच्या ठरावाने सर्वांसाठी खुले झालेले होते. मार्च १९२७ मध्ये त्यांनी हजारो लोकांसह जाऊन तिथले पाणी घेतले तेव्हा ते मिळालेला हक्क बजावत होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचा ठरला, माणसे जमली, पण विरोधकांनी न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. त्यांनी सत्याग्रह पुढे ढकलला आणि दावा लढवला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ साल उजाडले. त्या दहा वर्षांचा विचार केल्याशिवाय हे उदाहरण कोणी कोणाच्या तोंडावर मारू नये, ना आपण ना सरकारने.

मिठाच्या सत्याग्रहाविषयी दादाला एवढेच सांगा की गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून आपण काय करणार आहोत हे आधी कळवले आणि यात्रा १२ मार्चला निघाली. जो कायदा त्यांना अन्यायाचा वाटत होता तोच त्यांनी मोडला, आणि त्याची शिक्षा भोगायला ते तयार होते. पूर्वसूचना, लक्ष्याशी थेट संबंध आणि परिणाम स्वतःच्या अंगावर घेणे, या तिन्ही गोष्टी त्यात होत्या. दादाच्या रास्ता रोकोत त्यांतल्या किती होत्या, हे त्यालाच ठाऊक.

आता सरकारने काय करायला हवे होते. आपल्या मित्रांना सरकार बोटचेपे वाटले आणि दादाला ते जुलमी वाटले. मला वाटते की त्या दिवशी ते दोन्ही होते, एकापाठोपाठ एक. दहापासून दोनपर्यंत काहीही केले नाही आणि दोन वाजता एकदम लाठी चालवली. या दोन टोकांच्या मध्ये जे काम असते तेच प्रशासनाचे खरे काम आहे आणि आपण दिलेल्या वर्णनात ते कुठे दिसत नाही. आंदोलकांशी बोलू शकेल असा वरिष्ठ अधिकारी तिथे पहिल्या तासात पोहोचणे, एक मार्गिका मोकळी करून घेणे, मागे अडकलेली वाहने दुसऱ्या रस्त्याने वळवणे, प्रवाशांना किती वेळ लागेल ते सांगणे, आणि हे सगळे फसले तर ध्वनिक्षेपकावरून वेळ देऊन इशारा देणे व त्यानंतर माणसांना उचलून बाजूला नेऊन ताब्यात घेणे. हे काम कंटाळवाणे असते, त्यात बातमी होत नाही, पण त्यातला पहिला तास नीट हाताळला गेला असता तर कदाचित आपण मुलाखतीला पोहोचला असता आणि तो हातही मोडला नसता.

स्वीडनला हा धडा फार वाईट प्रसंगातून शिकावा लागला. गोथेनबर्गमध्ये जून २००१ मध्ये युरोपीय संघाच्या शिखर परिषदेच्या वेळी दंगल झाली आणि पोलिसांनी झाडलेल्या गोळ्या तीन जणांना लागल्या. त्यानंतरच्या चौकशीतून तिथे संवाद पोलीस ही कल्पना पुढे आली. या अधिकाऱ्यांचे काम आंदोलनाच्या आधी, चालू असताना आणि नंतर संयोजकांशी बोलत राहणे एवढेच असते. दोन्ही बाजूंना काय होणार आहे याचा अंदाज असला की अफवा आणि घबराट कमी होते, आणि बऱ्याचदा लाठी चालते ती घबराटीतूनच.

लाठीविषयी मी संदिग्ध राहणार नाही. पोलिसांच्या बळाच्या वापराविषयी संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये जी मूलतत्त्वे स्वीकारली, त्यांत म्हटले आहे की जमाव बेकायदेशीर असला पण हिंसक नसला तर तो पांगवताना बळाचा वापर टाळावा, आणि टाळणे शक्यच नसेल तर तो किमान ठेवावा. आपल्या पत्रात दगडफेकीचा किंवा मारहाणीचा उल्लेख नाही. बसलेल्या माणसाचा हात मोडण्याइतके बळ कोणत्याही अर्थाने किमान होत नाही. रस्ता मोकळा करणे हे सरकारचे काम होते. अडकलेल्या प्रवाशांच्या वतीने सूड घेणे हे त्याचे काम नव्हते. आणि त्या बातमीने आपल्याला क्षणभर बरे वाटले, त्याबद्दल मी आपल्याला अपराधी ठरवत नाही. दुखावलेल्या मनात असे काही येऊन जाते. पण ज्याला बळ वापरायचे असते, तो जनतेच्या याच क्षणभराच्या समाधानाकडे कोऱ्या कागदावरची सही म्हणून पाहतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

कॅनडातल्या २०२२ च्या ट्रकचालकांच्या आंदोलनाकडे मी वारंवार वळते, कारण त्यात सरकारी प्रतिसादाच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या एका महिन्यात पाहायला मिळतात. जानेवारीच्या अखेरीस कोविडच्या निर्बंधांविरुद्ध ट्रक राजधानी ओटावात येऊन संसदेसमोर थांबले आणि रात्रंदिवस हॉर्न वाजू लागले. पोलीस गोंधळलेले होते. ७ फेब्रुवारीला एका रहिवासी तरुणीच्या दाव्यावर न्यायालयाने हॉर्न वाजवण्याला मनाई केली. हा आदेश मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण त्याने माणसांचे तिथे असणे रोखले नाही, त्यांचे बोलणे रोखले नाही, ज्या गोष्टीमुळे लोकांना झोप मिळत नव्हती तेवढीच रोखली. विंडसर शहरातल्या आंतरराष्ट्रीय पुलावरचा अडथळाही न्यायालयाच्या मनाईहुकमाच्या आधारे आणि पोलिसांच्या नेहमीच्या अधिकारांत १३ फेब्रुवारीपर्यंत दूर झाला. त्यानंतर, १४ फेब्रुवारीला, केंद्र सरकारने १९८८ चा आणीबाणी कायदा इतिहासात प्रथमच लागू केला आणि त्याखाली न्यायालयाच्या आदेशाशिवाय लोकांची बँक खाती गोठवली गेली. तो नऊ दिवसांनी मागे घेण्यात आला. पुढच्या वर्षी चौकशी आयोगाने, बऱ्याच संकोचाने, कायदा लागू करण्याइतकी परिस्थिती होती असे म्हटले. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने मात्र तो निर्णय अवाजवी ठरवला. आयोग आणि न्यायालय यांचे एकाच घटनेविषयी एकमत झाले नाही, तर आपल्या घरात दोन भावांचे एका जेवणात व्हावे ही अपेक्षा जास्तच आहे.

त्या देशातली दुसरी एक गोष्ट आपल्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०२० मध्ये, आदिवासी समूहाच्या भूमीतून जाणाऱ्या वायुवाहिनीच्या विरोधाला पाठिंबा म्हणून रेल्वेमार्ग अडवले गेले होते आणि अडीच आठवडे मोठ्या भागातली रेल्वे ठप्प होती. तेव्हा संयमाची मागणी करणारे अनेक जण २०२२ मध्ये कठोर कारवाई मागत होते, आणि तेव्हा कारवाई मागणाऱ्यांपैकी अनेकांना २०२२ मध्ये स्वातंत्र्याची आठवण झाली. या माणसांना मी ढोंगी म्हणणार नाही. आपल्याला पटलेल्या मागणीसाठीचा अडथळा आपल्याला लहान दिसतो आणि न पटलेल्या मागणीसाठीचा तोच अडथळा डोंगराएवढा दिसतो. आपण दोघेही याला अपवाद नाही आणि मीही नाही.

सहा महिने आत टाकण्याविषयी. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये हवामान आंदोलकांनी लंडनभोवतीच्या महामार्गावर चार दिवस रस्त्यावरच्या फलकांच्या कमानींवर चढून वाहतूक रोखली. त्याचा कट रचल्याबद्दल जुलै २०२४ मध्ये पाच जणांना शिक्षा झाली. चौघांना चार वर्षे आणि त्या गटाचे एक संस्थापक रॉजर हॅलम यांना पाच. अपील न्यायालयाने पुढच्या मार्चमध्ये या शिक्षा काही प्रमाणात कमी केल्या. हजारो लोकांना त्या दिवसांत खरोखर त्रास झाला होता आणि त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे, तरीही कोणालाही इजा करण्याचा हेतू नसलेल्या माणसाला इतकी वर्षे कोंडणे मला प्रमाणाबाहेरचे वाटते. दंड, नुकसानभरपाई, समाजसेवेची शिक्षा, पुन्हा पुन्हा केल्यास अल्प कैद, इथपर्यंत मी येऊ शकते. त्याच देशात मंत्र्यांनी गंभीर व्यत्यय या शब्दांची व्याख्या नियमाद्वारे इतकी खाली आणली की किरकोळाहून थोडा अधिक व्यत्ययही त्यात बसावा. संसदेने आधी नाकारलेली गोष्ट अशी मागच्या दाराने आणलेली उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये बेकायदेशीर ठरवली. रागाच्या भरात केलेले नियम त्या एका आंदोलनापुरते राहत नाहीत. पुढच्या सरकारच्या हाती ते तसेच जातात आणि तेव्हा रस्त्यावर कदाचित आपण असू.

दादाचा सर्वांत बळकट मुद्दा त्याने मांडला की नाही हे पत्रावरून कळत नाही, पण तो मी त्याच्या वतीने मांडते. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असे आपल्याकडे म्हणतात आणि सरकारे हे वाक्य खरे करून दाखवतात. फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनाच्या दराविरुद्धच्या ऑनलाइन अर्जावर लाखो सह्या झाल्या आणि सरकार हलले नाही. १७ नोव्हेंबरला पिवळ्या जाकिटांतली माणसे चौकाचौकांत रस्ते अडवून बसली आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात पुढच्या वर्षीची करवाढ रद्द झाली. यातून नागरिक काय शिकले असतील? जे सरकार अर्जाला उत्तर देत नाही आणि पेटलेल्या टायरला देते, ते पुढच्या रास्ता रोकोचे आमंत्रण स्वतःच धाडते. म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर त्या दिवसाच्या दहा वाजण्याच्या बरेच आधी सुरू होते. संघटनेने निवेदन दिले होते का, ते कोणी वाचले का, त्यावर ठरावीक मुदतीत होकारार्थी किंवा नकारार्थी लेखी उत्तर आले का? हे झाले नसेल तर आपल्या चार तासांची निम्मी जबाबदारी मी त्या न दिलेल्या उत्तरावर टाकते. निम्मीच, कारण उरलेली रस्ता निवडणाऱ्यांची आहे.

मित्रांनी आपल्याला असेही सांगितले असेल की लोकांना हे आवडत नाही, यातच सगळे आले. तसे नाही. अमेरिकेत १९६१ मध्ये बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध निघालेल्या प्रवाशांच्या आंदोलनाबद्दल गॅलप संस्थेने विचारले तेव्हा, त्याविषयी ऐकलेल्यांपैकी ६१ टक्के लोक विरोधात होते आणि फक्त २२ टक्के बाजूने. आज त्या आंदोलनाला चूक म्हणणारा माणूस शोधावा लागेल. अर्थात नापसंती हे बरोबर असल्याचे प्रमाणपत्रही नाही. अनेक आंदोलने लोकांना आवडली नाहीत आणि ती चुकीचीही होती.

आता घरातल्या अबोल्याविषयी. माफी मागावी, पण कशाची ते नेमके ठरवून. राग आल्याबद्दल मागू नये, रस्ता अडवणे चुकीचे होते असे वाटत असेल तर त्या मताबद्दलही मागू नये. लाठीच्या वाक्याबद्दल मागावी, कारण ज्याचा हात मोडला तो दादाच्या शेजारी बसलेला होता आणि त्या जागी दादा असू शकला असता. आपल्या वाक्यात दादाने हेच ऐकले असणार. ती मागताना 'पण' हा शब्द लगेच पुढे जोडू नये. आईला मध्यस्थ करू नये, तिने पुरेसे सोसले आहे.

त्यानंतर त्याला विचारावे, "दादा, तुमची मागणी काय होती?" आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐकून घ्यावे. मग त्याला हेही सांगावे की या सदराला लिहिलेल्या पत्रात ती मागणी आपल्याला आठवलीसुद्धा नाही. हे त्याला लागेल, आणि लागले पाहिजे. अडवलेल्या बसमधल्या चाळीस-पन्नास माणसांपैकी, ज्याचा सख्खा भाऊ पदाधिकारी आहे त्यालाही मागणी कळली नसेल, तर बाकीच्यांना काय कळले असेल, याचा विचार त्याच्या संघटनेने करायला हवा.

मग दोघांनी एक कागद घ्यावा आणि त्यावर कोणत्याही संघटनेचे नाव न लिहिता नियम लिहावेत. रस्ता किती वेळ अडवलेला चालेल, किती दिवस आधी सूचना हवी, कोणती वाहने कोणत्याही परिस्थितीत सोडायची, पोलिसांनी किती वेळाने आणि किती वेळा इशारा द्यायचा, कोणते बळ वापरायचे, शिक्षा किती. लिहून झाल्यावर ज्या आंदोलनात आपण स्वतः बसू शकलो असतो असे एक आणि ज्याची आपल्याला मनापासून चीड आहे असे एक, अशी दोन आंदोलने त्या नियमांवर तपासावीत. कुठला तरी आकडा बदलावासा वाटेल. तिथे थांबून बोलावे. आपला खरा मतभेद तिथे आहे, आणि तो जेवणाच्या ताटावर झालेल्या भांडणापेक्षा बराच लहान निघेल असा माझा अंदाज आहे.

एक काम राहिले, आणि ते लवकर व्हायला हवे कारण तीन आठवडे उलटून गेले आहेत. ज्या संस्थेत मुलाखत होती तिला दुसरी तारीख मागणारा अर्ज आपण केला की नाही हे पत्रात नाही. केला नसेल तर आजच करावा, त्या दिवसाचे बसचे तिकीट आणि रस्ता बंद असल्याची बातमी जोडावी. सोबत दादाकडून त्याच्या संघटनेच्या कागदावर एक निवेदन मागावे: अमुक तारखेला अमुक मार्ग आमच्या आंदोलनामुळे सकाळी दहा ते दुपारी दोन बंद होता, त्यात या उमेदवाराची बस अडकली, त्यात त्याचा काहीही दोष नव्हता आणि त्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, खाली पदासह सही. संस्था ते मानेल किंवा मानणार नाही. मजकूर मात्र आपण लिहून देऊ नये. दादाने तो स्वतः लिहावा.